वडवणीवर दर्याच्या पाल्याची स्वारी

श्री.

श्रोतेमंडळींचे खिदमतीस अर्ज ऐसा जे, आपण पुसिले की, ज्या मुलखात तळे आटले म्हणजे म्हशी सडकेवर येऊन बसतात, आणि ज्या मुलखातील माणसास समुद्र कोणते दिशेस आहे असे विचारिता तो आधी बीडच्या यष्टी स्टँडाकडे बोट दाखवितो, त्या वडवणी तालुक्यात समुद्राचा पाला शिरला कसा, आणिला कोणी, अडविला कोणी, आणि अखेरीस फत्ते कोणाची जाहली, हे तपशीलवार लिहून द्यावे. आज्ञा मस्तकी धरून लिहितो. जे घडले ते लिहितो, आणि जे शेजारच्या धुळाजीने चहा पिता पिता सांगितले त्यातील निम्मे लिहितो. उरलेल्या निम्म्यात त्याची शेळी मनुष्यवाणीने बोलते, सबब वगळिले.

गनिमाचे वर्णन

मोहीम लिहावी तर आधी गनीम लिहिला पाहिजे. गनिमाचे नाव खवट. त्यास हत्ती नाही, घोडा नाही, तोफखाना नाही. शेंगदाणा भाजून कुटला की तेल सुटते, आणि तेल सुटले की हवा त्यास लागते, आणि हवा लागली की हा गनीम डब्याच्या झाकणातून बिनबोभाट आत शिरतो आणि तळापर्यंत मुलूख मारितो. मग चटणी दिसावयास तीच, रंगाने तीच, आणि जिभेवर ठेविली की जुन्या पणतीतील तेल चाटल्यागत.

ह्या गनिमाशी जिचे हाडवैर, ती अखंडितलक्ष्मीअलंकृत, उखळमुसळधुरंधर, मातुश्री मंजुळाबाई साहेब. यांची शेंगदाण्याची चटणी तमाम वडवणी परगण्यात मशहूर. गळ्यात तुळशीची माळ, नारायणगडाची एकादशी कधी चुकविली नाही, आणि घरात अंड्याचे टरफलदेखील आल्याचे कोणास स्मरत नाही.

बाईसाहेबांस कन्या एक, अंजू. ती ज्या घरी दिली ते घर ऊसतोडीचे. दसरा उलटला की अंजू आणि तिचा नवरा कोयते घेऊन टोळीबरोबर कोल्हापूर प्रांती कूच करीत आणि उन्हाळा लागता परत येत. तिकडे उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी बांधून मुक्काम. पहाटे भाकरी थापावी, फडात न्यावी, आणि कोयता बाजूस ठेवून उभ्याउभ्या खावी. कालवणास वेळ नाही. म्हणून दरसाल मातुश्री चटणीचा डबा भरून देत. आणि दरसाल फोनवर सवाल होई की, "चटणी कशी हाय गं?" आणि दरसाल जबाब येई की, "चांगली हाय."

ऐसे चालिले असता गेल्या साली डबा परत आला, त्याचे तळास थोडी चटणी चिकटून होती. बाईसाहेबांनी ती नाकास लाविली. आणि कळून चुकले की लेक अर्धा हंगाम खवट खाते आणि चांगली म्हणते. आणि हे एका सालचे नव्हे. त्या दिवशी बाईसाहेब जेवल्या नाहीत. कारण कोणास सांगितले नाही. डबा राखेने घासला, उन्हात ठेविला, आणि संध्याकाळी उचलून पुन्हा घासला.

मग मनाशी करार जाहला की, यंदा लेकीच्या डब्यात गनीम शिरता कामा नये. करार जाहला, पण उपाय कोणता हे ठाऊक नव्हते.

मसलत

उपाय घरातच होता, आणि घरात येऊन पुरते वर्षही जाहले नव्हते. ती सून, सौभाग्यवती वर्षाराणी. परभणीस अन्नतंत्राचे शिक्षण पुरे करून, रामेश्वररावांशी लग्न लावून वडवणीस दाखल जाहली. रामेश्वरराव म्हणजे बाईसाहेबांचे चिरंजीव, टेम्पोबहाद्दर, बीड-वडवणी रस्त्याचे मालवाहू सरदार. घरातील सर्व लढायांत तटस्थ, आणि जेवणास मात्र दोन्ही पक्षांकडे हजर.

वर्षाराणीने घासलेला डबा पाहिला आणि न विचारता ताडले. मग भाकरीच्या वेळी दरबारात अर्ज केला की, तेल खवट होते ते हवेतल्या प्राणवायूने. त्याच्या आडवा पडेल असा शिपाई चटणीत ठेविला पाहिजे. त्या शिपायास अँटिऑक्सिडंट म्हणतात. तो आधी आपण झिजतो आणि तेलास वाचवितो. कारखान्याच्या फरसाणात रसायनाचा घालितात, परंतु निसर्गातला हवा असेल तर समुद्रातील तपकिरी शेवाळात तो मुबलक असतो. आणि आपली मैत्रीण मंजुषा रत्नागिरीस तेच शिकते, ती धाडील.

बाईसाहेबांनी एवढेच पुसिले, "शेवाळ? आपल्या हौदात व्हतंय तसलं?"

"न्हाई आत्या, हिरवं न्हाई. तपकिरी. समुद्रातलं. हातभर लांब, पानं बी असत्यात त्याला."

"मग आण की," ऐसा हुकूम जाहला. समुद्र ह्या शब्दाचा वास त्या वेळी कोणासच आला नव्हता.

गोणी दाखल होते

गोणी यष्टीच्या पार्सलाने आली. रामेश्वररावांनी टेम्पोत घालून अंगणात उतरविली, आणि वर्षाराणीने सुतळी सोडिली, आणि मग जे जाहले ते लिहिताना लेखणी नाकास पदर लाविते. आत वाळलेला पाला, तांबूस काळा, कुरकुरीत, त्यास बारीक फुग्यांचे घोस. दिसावयास ज्वारीच्या वाळल्या सरमाडागत निरुपद्रवी. परंतु वास! तो वास अंगणातून ओसरीवर चढला, ओसरीवरून देव्हाऱ्यापर्यंत गेला, आणि शेजारच्या दोन घरांच्या खिडक्या बंद करवून परत आला.

बाईसाहेबांनी माळेस हात लाविला. मग फर्मान सुटले, ते येणेप्रमाणे: हा माल मासळीचा आहे. मासळीचा नसेल तर मासळीचा भाऊबंद आहे. माळकरणीच्या उखळात तो पडणे नाही. चटणी खवट होणे बेहतर, बाटणे मंजूर नाही. गोणी अंगणाबाहेर, भिंतीच्या पलीकडे ठेवावी. आणि सुनेने आधी हात धुवावे.

"आत्या, वनस्पती हाय ती," वर्षाराणी म्हणाली.

"मग मासळीचा वास कावून येतो?"

"समुद्राचा वास हाय तो."

"समुद्रात काय पेरू ऱ्हात्यात का?"

सूनबाईंनी हात धुतले.

रामेश्वररावांचा पराक्रम

ह्या सबंध मोहिमेत रामेश्वररावांनी एकच वार केला, तोही तोंडात घास असता. म्हणाले, "आई, मीठ बी समुद्रातूनच येतं की. तिथं बी मासंच असत्यात."

मग पाण्याचा तांब्या घेऊन, दरबार काही बोलण्याआधी, टेम्पोकडे निघून गेले. पुन्हा ह्या बखरीत ते खाण्याच्याच प्रकरणी दिसतील.

शेळीची पंचाईत

तो वार वरवर पोकळ गेला, परंतु बाईसाहेबांच्या मनात रुतला. कारण मिठावाचून चटणी नाही आणि माळेवाचून बाई नाही. ऐसे पेचात असता भिंतीपलीकडील धुळाजी आला. हा शेळ्या राखणारा; गोणी त्याच्या वाड्याजवळ ठेविली म्हणून तक्रार घेऊन आला, आणि भांडण ऐकून तक्रार विसरला. त्याने तोड सुचविली.

"मंजुळाआक्का, माझी हरणी हाय ना, तिच्यासारखी चिकित्सक शेळी तालुक्यात न्हाई. भुईवर पडलेला पाला खात न्हाई ती. दुसऱ्या शेळीनं हुंगलेला खात न्हाई. तिच्यापुढं ठिवा. पाला असंल तर खाईल. मासळी असंल तर थुकंल."

"शेळीचं काय खरं? परवा लग्नाची पत्रिका खाल्ली तिनं," वर्षाराणी म्हणाली. आपल्या बाजूचा निकाल लागेल हे ठाऊक असूनही तिला प्रयोगाची रीत सोडवेना.

"पत्रिका तरी कशाची असती, सूनबाई? लाकडाचीच. झाडपाल्यात धरतो आमी."

बाईसाहेबांस तोड पसंत पडली. सबब निवाडा शेळीवर सोपविण्यात आला. मूठभर पाला परातीत घातला, परात अंगणाच्या मधोमध ठेविली, हरणीस दावे सोडून उभे केले. तमाम गल्ली भिंतीवरून पाहू लागली. हरणीने परात हुंगिली आणि मान फिरविली.

बाईसाहेब म्हणाल्या, "झालं?"

इतक्यात हरणीने फिरविलेली मान पुन्हा फिरविली, जीभ लाविली, थांबली, आणि मग जी सुरू जाहली ती परातीचा काठ चाटेपर्यंत. भिंतीवर कोणी टाळी वाजविली. बाईसाहेबांनी हार मानिली नाही. त्यांनी दाद मागितली की शेळीस खारट लागले म्हणून तिने खाल्ले, ही पाल्याची साक्ष नव्हे, मिठाची आहे. धुळाजी म्हणाला की मिठाची लाळ वेगळी आणि पाल्याची वेगळी. वर्षाराणी म्हणाली की दोन्ही पक्षांचे म्हणणे तपासता येईल, दोन पराती कराव्या लागतील. ऐसा वाद त्रिपक्षीय होऊन बराच वेळ चालला.

आणि ह्या वेळात हरणी कोठे आहे, हे कोणी पाहिले नाही. ती भिंतीपलीकडे गोणीत होती. मानेपर्यंत.

गोणी वाचविण्याची लढाई थोडक्यात लिहितो, कारण ती थोडक्यातच हरली. धुळाजीने शिंगे ओढिली, वर्षाराणीने गोणी ओढिली, आणि हरणीने दोघांस ओढिले. शेवटी गोणीचा तळ राहिला तेवढा राहिला. वर्षाराणी तो तळ पदरात घेऊन पायरीवर बसली. तिच्याकडे पाहून बाईसाहेबांचे तोंड किंचित बदलले. परंतु फर्मान मागे घेतले नाही.

नारायणगड, आणि तीन पाठ

मग एकादशी आली आणि बाईसाहेब गडावर गेल्या. तेथे काय जाहले ह्याबद्दल प्रतींत एकमत नाही.

एका प्रतीत असे की, बाईसाहेबांनी दर्शन घेऊन एका जाणत्या माळकऱ्यास पुसिले, आणि तो म्हणाला, शेळी खाते ते चालते.

दुसऱ्या प्रतीत असे की, त्यांनी कोणास काही पुसिले नाही. फराळ करिताना पिशवीतील मिठाची पुडी उघडिली, आणि भगरीवरचे मीठ बराच वेळ पाहत राहिल्या.

तिसऱ्या प्रतीत फक्त, "बाई गेल्या आणि आल्या."

तिन्ही प्रतींत पुढचे एकच आहे. घरी येऊन चपला काढिताना सुनेस म्हणाल्या, "कर काय करायचं ते. पण वास गेला पायजे. आन् उखळात न्हाई. तुझ्या मिक्सरात कर."

मुदपाकखान्यातील कारभार

मग वर्षाराणीने उरलेला पाला गोड्या पाण्याने धुतला, आणि पाणी जिभेस खारे लागेनासे होईपर्यंत धुतला, आणि सावलीत वाळविला, आणि मिक्सरात दळिला, आणि गरम पाण्यात भिजवून कापडातून गाळिला, आणि तो काढा पत्र्याच्या सौरपेटीत आटविला. अखेरीस तपकिरी, तुरट अशी पूड निघाली, वाटीचा तळ झाकेल इतकी. नमुना आधीच परभणीस गुरुजनांकडे तपासावयास गेला होता. त्यात माणसास अपायकारक असे काही नाही हा निर्वाळा आला. वास गेला होता. बाईसाहेबांनी वाटी नाकाशी नेली, दूर धरिली, पुन्हा नेली. मग चुलीपाशी बसून दाणे भाजू लागल्या आणि सहज पुसावे तैसे पुसिले,

"ह्या पाल्यात कसं काय येतं गं हे औषध? आपल्या पाल्यात का न्हाई?"

"आपल्यात बी असतं, आत्या. पण ह्याचं जिणं अवघड. हे खडकाला धरून वाढतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा वर येतं आन् वसरतं."

"वसरलं की मग हे कुठं जातं?"

"कुठं न्हाई. तिथंच ऱ्हातं, उघडं. वरून ऊन. वाळतं, तापतं. त्या उन्हानं करपू नये म्हणून अंगातच औषध करून ठिवतं. तेच आपण काढलं."

"रोज असं?"

"रोज."

बाईसाहेबांनी दाणे हलविले. एक बाजू जरा जास्त भाजली.

"बरं हाय त्याचं," त्या म्हणाल्या. "गाव सोडून जावं लागत न्हाई."

दाणे उखळात पडले. आणि बखरीत लिहिण्याजोगी गोष्ट ही की, वाटी उचलून उखळापाशी कोणी ठेविली, तर ती सुनेने नव्हे.

डब्यांची रचना

पूड जेमतेम एका डब्यापुरती होती, हरणीची कृपा. त्यावरून वर्षाराणीने मसलत मांडिली की, हेच बरे जाहले. दोन डबे करावे. एकात पुडीची चटणी, त्याचे कडीस लाल दोरा. दुसऱ्यात साधी, त्यास दोरा नाही. दोन्ही एकाच कोपीत, एकाच पाचटाखाली, एकाच हवेत राहतील. मग कोणती आधी खवट होते ते अंजूताईने सांगावे. म्हणजे औषधाने गुण दिला की आपल्या मनाचे खेळ, ते रोखठोक कळेल. तिसरी एक साधी बरणी घरी फळीवर ठेवावी, ताळ्यासाठी.

बाईसाहेबांनी सारे ऐकून मान हलविली. वर्षाराणीने डबे भरिले, दोरा बांधिला, आणि आंघोळीस गेली.

[येथे मूळ पानावर तेल सांडले असून काही ओळींपुरता कागद पारदर्शक जाहला आहे. पलीकडच्या पानावरचे वाचता येते, ह्या पानावरचे नाही. लागतात ते शब्द इतकेच: "मोठी परात", "इकडं तिकडं पाहून", "दोरा पुन्हा होता तसा".]

दुसरे दिवशी अंजू डबे घेऊन टोळीच्या ट्रकात चढली. दोन का, म्हणून पुसिले. बाईसाहेब म्हणाल्या, तुझ्या वैनीचं शास्तर हाय, खा गप.

फोनाची लढाई

संक्रांत उलटली. आजवर ह्या सुमारास गनिमाने अर्धा डबा काबीज केलेला असे. वर्षाराणीने फोन लाविला आणि आवाज मोठा करून ओसरीवर ठेविला. बाईसाहेब तूर निवडीत बसल्या होत्या. पलीकडून कोयत्यांचा आवाज, मग अंजू.

"बोला वैनी."

"ताई, लाल दोऱ्याच्या डब्यातली चटणी कशी हाय?"

"चांगली हाय."

"आन् बिनदोऱ्याच्या?"

"ती बी चांगली हाय."

हे ऐकून वर्षाराणीचा धीर खचला. कारण दोनच अर्थ निघत: एक तर औषध कुचकामी, साधी चटणीही तितकीच टिकली, नाही तर अंजू दरसालचेच बोलते आहे, आणि दोन्ही डबे गनिमाचे ताब्यात आहेत.

"ताई, खरं सांगा. वास येतो का? एकीला जास्त, एकीला कमी, असं काही?"

"न्हाई हो. दोन्ही सारख्याच लागत्यात."

"सारख्याच लागणार," बाईसाहेब म्हणाल्या. सुपातून नजर न काढिता.

"म्हंजी?"

"म्या परातीत एक केलत्या दोन्ही. तू आंघोळीला गेलतीस तवा."

वर्षाराणी म्हणाली, "आत्या, सगळा प्रयोग..."

"एका डब्यात औषधाची आन् एका डब्यात बिनऔषधाची. एक बरी आन् एक वाईट. कोणत्या तोंडानं धाडू लेकीला? लेक काय दोन हायत मला?"

"पण मग औषधानं टिकली का थंडीनं टिकली, हे कळायचं कसं?"

"कुणाला कळायचंय?"

वर्षाराणीने अखेरचा मोर्चा फळीकडे वळविला. तेथे ताळ्याची साधी बरणी होती. ती उतरविली. ती घासूनपुसून लख्ख होती. रामेश्वरराव दारात उभे होते. त्यांनी कबूल केले की बरणी भाकरीबरोबर गेली, आणि लई चांगली होती, आणि त्यात काही राखायचे होते हे कोणी बोलले नव्हते.

ऐसी शास्त्राची फौज चोहोंकडून उधळली. वर्षाराणीस आधी राग आला, आणि मग रागाच्या मागून दुसरेच काही ध्यानात आले. जी पूड माळकरणीच्या उखळात पडणे नव्हती, ती माळकरणीने आपल्या हाताने, चोरून, लेकीच्या घासाघासात कालविली होती. ती एकाच डब्यात असणे तिला पुरेसे वाटले नव्हते.

"आत्या," ती म्हणाली, आणि लख्ख बरणी पुन्हा फळीवर ठेविली.

फोन चालूच होता. पलीकडे अंजू सारे ऐकत होती. ती म्हणाली,

"आई, ऐकती का?"

"बोल."

"एक डबा संपला. दुसरा बी तळाला आलाय. टोळीच्या मुकादमाची बायको रोज वाटी घिऊन येती. आजून असली तर धाड की."

अंजूचे लग्न होऊन बरीच साले जाहली. ह्या अवधीत तिने माहेरास कधी काही मागितले नव्हते. लुगडे नाही, पैसा नाही, दुखण्यात औषध नाही. विचारिले की चांगले आहे, एवढेच. खवट चटणीस माणूस चांगली म्हणतो, आईस वाईट वाटू नये म्हणून म्हणतो. परंतु आणखी धाड, असे म्हणत नाही.

बाईसाहेबांनी सूप खाली ठेविले. तूर सांडली ती सांडली. पदराने तोंड पुसिले, मग त्याच पदराने फोन पुसिला, आणि सुनेस हुकूम केला, "त्या रत्नागिरीवालीला फोन लाव. म्हणावं, दोन गोण्या धाड." आणि सुनेचे उत्तर येण्याआधी दाणे काढावयास आत गेल्या.

फत्तेची नोंद

येणेप्रमाणे वडवणी मुक्कामी दर्याच्या पाल्याने खवट नामे गनिमास शिकस्त दिली, ते नोंदविले. ही फत्ते शास्त्राचे दरबारी मंजूर नाही, कारण साधा डबा परातीत फितूर जाहला, साधी बरणी घरच्या सरदाराने खाल्ली, आणि थंडीने आपला हात होता की नव्हता हे सांगितले नाही. गनिमास तरी कोठे मंजूर आहे. तो डब्यापाशी पोचला तेव्हा लढावयास आत कोणी उरले नव्हते. फडात अंजूने अखेरची चटणी भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतली, तुकडा मुकादमाच्या बायकोस अर्धा दिला, आणि कोयता उचलिला. त्या घटकेस फत्ते धरावी. हस्ताक्षर, शिक्का, आणि बोटास लागलेले तिखट.